संगीतात नव्याने संशोधन करताय? मग आपला एक छोटा गट उभा करा, तो असा

हे लिहितोय ते कोणासाठी ते आधी सांगतो. मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी, पुण्याचं ललित कला केंद्र, कोल्हापूर, नागपूर अशा कुठल्याही ठिकाणी संगीतात पीएचडीला नाव घातलंय, किंवा नुकतंच एमए संपवून विषय शोधताय, किंवा विद्यापीठात नाहीयेत पण गांधर्व महाविद्यालयाची अलंकार करून झाल्यावर एखाद्या विषयाच्या मागे लागलाय, अशा सगळ्यांसाठी. संगीताच्या विभागात एका वेळी संशोधन करणारे असतात मोजके, त्यात एकाचा विषय ठुमरी, दुसऱ्याचा नाट्यसंगीत, तिसऱ्याचा तबल्याचे कायदे (वाजवायच्या ठरीव रचना), म्हणजे भेटले तरी एकमेकांच्या कामाबद्दल बोलणं होत नाही. गाईड चांगले असले तरी त्यांच्याकडे शिकवणं, परीक्षा, नॅकची म्हणजे कॉलेजच्या दर्जा-तपासणीची कागदपत्रं असतात. आणि गुरुजींकडे गेलं की ते म्हणतात, रियाज कुठे गेला तुझा? त्यांचं बरोबरच असतं. पण या दोघांच्या मधली जी जागा आहे ना, जिथे अर्धवट सुचलेलं कोणाला तरी बोलून दाखवायचं असतं, तिथे कोणीच नसतं, आणि बरेच जण तिसऱ्या चौथ्या वर्षी काम सोडतात ते बुद्धी कमी पडते म्हणून नाही, एकटे पडतात म्हणून. निदान मी आजूबाजूला जे बघितलंय त्यावरून माझं हेच ठाम मत आहे.

आणि हे काही नवीन खूळ नाही. आपल्याकडे संगीताचा अभ्यास उभाच राहिला तो अशा मंडळींमुळे. पुण्यात १८७४ मध्ये गायन समाज सुरू झाला, मुंबईत त्याच्या आधी १८७० ला कैखुशरू काबराजींनी पारशी गायन उत्तेजक मंडळी काढली होती, आणि पुढे संगीतशास्त्रकार म्हणून नावाजलेले विष्णु नारायण भातखंडे तरुणपणी १८८४ च्या सुमाराला त्या मंडळीत जायला लागले, तिथे त्यांना गवई ऐकायला मिळाले, शिकायला मिळालं, प्रश्न पडायला लागले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल तर निवृत्त डेप्युटी कलेक्टर, त्यांना श्रुतींचं म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांचं वेड, त्यांच्या प्रयोगांना अब्दुल करीम खाँसाहेब स्वतः गायले, आणि क्लेमेंट्स नावाचा आयसीएस म्हणजे इंग्रज सरकारचा सनदी अधिकारी त्यात सामील झाला. एक माणूस मोजणारा, एक गाणारा आणि एक बाहेरून आलेला. त्यांचे निष्कर्ष सगळ्यांना पटले असं अजिबात नाही, भरपूर वाद झाले, पण वाद घालायला समोर माणसं होती हे महत्त्वाचं. आपल्याला एवढंच परत करायचंय, छोट्या प्रमाणात.

आधी माणसं शोधा, चार पुरेत

पन्नास जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढायचा मोह आवरा. त्यात दोन दिवस स्वागताचे मेसेज, मग गुड मॉर्निंग, मग कोणाच्या तरी कार्यक्रमाची पत्रिका, आणि काम शून्य. चार, फार तर सहा जण.

शोधायचे कुठे? सगळ्यात सोपी जागा शोधगंगा. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात, हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्याचंच भावंड शोधगंगोत्री, जिथे चालू असलेल्या कामांचे आराखडे ठेवतात, तिथे फारसं कोणी डोकावत नाही. तिथे तुमच्या विषयाचे शब्द टाकून बघा, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही स्पेलिंगनी, कारण कोणी लावणी लिहितं कोणी लावनी. तुमच्यासारख्याच विषयावर आत्ता कोण बसलंय ते बऱ्याचदा तिथे कळतं. दुसरी जागा कोर्सवर्क. यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क करावंच लागतं, त्यात संशोधन पद्धतीच्या वर्गाला नाटक, मराठी, इतिहास, समाजशास्त्र असे सगळे एकत्र बसतात, तिथे शेजारच्याला विचारा त्याचा विषय काय. मराठी विभागात शाहिरीवर काम करणारी मुलगी तुम्हाला संगीत विभागातल्या माणसापेक्षा जास्त उपयोगी पडू शकते.

माणसं निवडताना एक गोष्ट मात्र मुद्दाम करा, सगळे एकाच घराण्याचे, एकाच गुरूंचे शिष्य घेऊ नका. एक गाणारा किंवा वाजवणारा हवाच. एक लोकसंगीताकडचा हवा, मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीतून वगैरे कोणी मिळालं तर उत्तम. एक कॉम्प्युटरवाला मिळाला तर सोडू नका, आयआयटी मुंबईच्या इलेक्ट्रिकल विभागात हिंदुस्तानी संगीतावर वर्षानुवर्षं काम चाललंय, आणि बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११ पासून काही वर्षं कॉम्पम्युझिक नावाचा मोठा प्रकल्प झाला त्यात हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही होतं, त्यामुळे या बाजूने संगीताकडे आलेली पोरं आता बरीच आहेत आणि त्यांना गाणं समजणारी माणसं हवीच असतात. आणि जमलं तर एक रेकॉर्ड जमवणारा. मुंबईत १९९० ला सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली, या लोकांकडे तबकड्यांचे नंबर, लेबलं, सालं अशी तोंडपाठ असतात की आपण थक्क होतो, पण त्यांच्याकडे पदवी नाही म्हणून सेमिनारला त्यांना श्रोत्यांत बसवतात. तुमच्या गटात ते बरोबरीने बसले पाहिजेत.

पहिला मेसेज कसा लिहायचा हे खूप जण विचारतात. लांबण लावू नका, आणि आपल्या गुरुपरंपरेची पूर्ण यादी देऊ नका, समोरचा दबतो किंवा चिडतो. असं काहीतरी:

"नमस्कार. मी अमुक विद्यापीठात संगीत नाटकांतल्या ऑर्गनच्या साथीवर काम करतेय, दुसरं वर्ष चालू आहे. तुमचा आराखडा वाचला, त्यातला साथसंगतीचा भाग माझ्या कामाच्या जवळचा वाटला. महिन्यातून एकदा चार पाच जणांनी भेटून एकमेकांचं अर्धवट लेखन वाचायचं असं ठरवतोय. एकदा येऊन बघाल का? नाही जमलं तरी काही हरकत नाही."

शेवटचं वाक्य ठेवाच. समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक दिली की हो यायची शक्यता वाढते.

महिन्यातून एकदा, दोन तास, आणि काम ठरलेलं

वेळ ठरवताना आपली माणसं कशी जगतात ते लक्षात घ्या. निम्मे जण सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर कुठल्या ना कुठल्या कॉलेजात शिकवतात, संध्याकाळी गाण्याचे क्लास घेतात, रविवारी सकाळी बॅचेस असतात, शिवाय मंडळाच्या परीक्षांचे हंगाम आले की कोणालाच श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून आठवड्यातल्या मधल्या एखाद्या दिवशी रात्री साडेनऊला ऑनलाइन, हे सगळ्यात टिकतं. महिन्याचा दुसरा बुधवार ठरला की ठरला, दर वेळी "कोणाला कधी जमेल" असं विचारत बसलात की दोन महिन्यांत गट संपलाच समजा.

दोन तासांचे दोन भाग करा. पहिला तास ऐकायचं, दुसरा तास वाचायचं.

ऐकण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण माझ्या मते गटाचा जीव यातच आहे. एक जुनी तबकडी घ्या, ७८ आरपीएमची, एक बाजू साधारण तीन सव्वातीन मिनिटांची असते, म्हणजे तासाभरात ती तीन चार वेळा सहज ऐकता येते. पहिल्यांदा ऐकताना कोणी काही बोलायचं नाही, लिहायचंही नाही. दुसऱ्यांदा प्रत्येकाने आपापल्या कागदावर नोंदी करायच्या. मग एकेकाने वाचून दाखवायचं, आणि इथे मजा येते, कारण तबलेवाला सांगतो की ठेका मधेच बदललाय, गाणारी सांगते की गायकाने न्यास म्हणजे थांबा अपेक्षेपेक्षा दुसऱ्याच स्वरावर केलाय, रेकॉर्डवाला सांगतो की ही नंतर परत छापलेली कॉपी आहे, आणि नाटकाकडून आलेला सांगतो की हे पद नाटकात कुठल्या प्रसंगाला येत होतं. तिसऱ्यांदा सॉनिक व्हिज्युअलायझर उघडून तोच तुकडा पडद्यावर बघत ऐकायचा. हे सॉफ्टवेअर लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालं, फुकट आहे, आणि शिकायला एक संध्याकाळ लागते. मींड म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ती पडद्यावर रेष होऊन दिसली की पहिल्यांदा अंगावर काटा येतो खरंच, पण लगेच सांगून ठेवतो, पडद्यावरची रेष म्हणजे अंतिम सत्य नाही. सारंगी किंवा हार्मोनियम बरोबर वाजत असेल तर मशीन कधी गळा पकडतं कधी साथीचं वाद्य, आणि कुठला स्वर नुसता कण म्हणजे ओझरता स्पर्श आहे आणि कुठला खरा ठेवलाय हे शेवटी कानालाच ठरवावं लागतं. म्हणून तर गाणारा आणि कॉम्प्युटरवाला एका खोलीत हवेत.

यातून कामाला लागणाऱ्या गोष्टी कशा निघतात त्याचं एक उदाहरण. खूप प्रबंधांमध्ये लिहिलेलं असतं की अमुक गायक काळी एकमध्ये गात, म्हणजे हार्मोनियमची ती पट्टी सा धरून, पुरावा म्हणून रेकॉर्ड. पण सुरुवातीच्या काळातल्या तबकड्या सगळ्या बरोबर ७८ च्याच वेगाने कापलेल्या नसायच्या, आणि वेगात साधारण ६ टक्के फरक पडला की सूर अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे काळी एकची पांढरी दोन होते. म्हणजे ज्याने ती डिजिटल केली त्याने कुठला वेग धरला हे माहीत नसताना पट्टीबद्दल ठामपणे काही लिहिता येत नाही. हे एकट्याने पुस्तकं वाचून लक्षात यायला वर्ष जाईल, गटात रेकॉर्डवाला असेल तर दहा मिनिटांत कळतं.

दुसरा तास वाचनाचा. एकाच माणसाची चार ते सहा पानं, आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवलेली. जास्त पाठवू नका, कोणी वाचत नाही. आणि कृपा करून पहिलं प्रकरण आणू नका. आपल्याकडे प्रबंधाचं पहिलं प्रकरण म्हणजे संगीताची उत्पत्ती, नादाची व्याख्या, वैदिक काळ, भरत, मतंग, शारंगदेव हे जुने ग्रंथकार असं शंभर पानं चालतं, विषय असतो १९५० नंतरचं भावगीत. ते लिहावं लागत असेल तर लिहा, पण गटाचा वेळ त्यात घालवू नका. जिथे तुमचं स्वतःचं काहीतरी म्हणणं आहे, जिथे तुम्ही स्वतः रेकॉर्ड ऐकली, माणसाला भेटलात, जुनी मासिकं उघडलीत, ती पानं आणा, कितीही कच्ची असली तरी. कच्ची असली तरच आणा, असंही म्हणेन.

चर्चेची पद्धत साधी. लिहिणाऱ्याने पहिली वीस मिनिटं गप्प बसायचं. बाकीच्यांनी आधी सांगायचं की आम्हाला यातून काय कळलं, मग सांगायचं कुठे अडखळलो, मग सुचलं तर पुढे कुठे शोधता येईल ते. "छान लिहिलंय" आणि "हे काही जमलं नाही" या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच बिनकामाच्या, त्याऐवजी "तिसऱ्या पानावर तुम्ही म्हणता ही चाल जात्यावरच्या ओवीवरून आली, ते कशावरून ठरवलंत?" असं विचारा. वयाने किंवा मानाने मोठा जो असेल त्याने शेवटी बोलायचं, कारण तो आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. हा नियम पहिल्याच दिवशी त्या मोठ्या माणसाच्या तोंडूनच जाहीर करून घ्या, म्हणजे कोणाला अवघड वाटत नाही. ताई, दादा, सर म्हणायला काहीच हरकत नाही, पाया पडायचं तेही खुशाल पडा, पण पानं समोर आली की प्रश्न सगळ्यांना विचारता आले पाहिजेत.

इंग्रजी लेख वाचायचे असतील तर वाटून घ्या. ज्याचं इंग्रजी चांगलं त्याने मराठीत गोषवारा सांगायचा, ज्याचं मराठी किंवा मोडी चांगलं त्याने जुनी कागदपत्रं उलगडायची, यात कोणी वर कोणी खाली नाही. झोटेरो या संदर्भ जपायच्या सॉफ्टवेअरवर सगळ्यांची मिळून एक लायब्ररी ठेवा, तीही फुकट आहे.

श्रेय आणि रेकॉर्डिंग, हे पहिल्याच दिवशी लिहून काढा

गट मोडतात ते बहुतेक इथे. कोणीतरी विश्वासाने एक खाजगी बैठकीचं रेकॉर्डिंग दिलं आणि आठ दिवसांत ते यूट्यूबवर दिसलं, किंवा कोणी बोलता बोलता एक कल्पना सांगितली आणि ती दुसऱ्याच्या पेपरात छापून आली. म्हणून एक पानभर नियम लिहा, मराठीत, वकिली भाषेत नको.

गटात ऐकलेलं, वाचलेलं बाहेर द्यायचं नाही, ज्याचं आहे त्याला विचारल्याशिवाय. कोणाच्या सांगण्यामुळे तुमचा मुद्दा सुचला तर तळटीपेत त्याचं नाव येणार, तो एमएचा पहिल्या वर्षाचा पोरगा असला तरी. कोणाला त्याच्या गुरूंनी एखादी बंदिश खास म्हणून दिली असेल तर तिचं नोटेशन छापायच्या आधी त्या गुरूंना विचारायचं, कायदा काय म्हणतो ते नंतर, आधी विचारायचं.

कायद्याचंही थोडं माहीत हवं. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झालेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, आणि कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं. संशोधनासाठी स्वतः ऐकणं, त्यातला छोटा भाग अभ्यासाला वापरणं वेगळं, आणि अख्खं रेकॉर्डिंग इंटरनेटवर चढवणं वेगळं. गटाच्या ड्राइव्हवर ठेवलेल्या प्रत्येक फाइलपुढे तीन गोष्टी लिहा, कोणाकडून आली, कशासाठी दिली, पुढे देता येईल का.

लेखनातल्या साम्याबद्दल पण, यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही. पण सॉफ्टवेअर मराठी मजकूर नीट पकडतंच असं नाही, त्यामुळे "रिपोर्ट क्लीन आला" एवढ्यावर समाधान मानू नका, गटातल्या कोणाला तरी वाचायला द्या, माणसाला लगेच कळतं हा परिच्छेद तुमच्या भाषेतला नाही.

गुरुजी आणि गाईड यांना कधी सांगायचं

लगेच सांगा. लपवून काही करू नका, संगीताचं जग लहान आहे, बातमी पोचतेच, आणि मग गैरसमज होतो की पोरं मिळून आमच्या मागे काय काय बोलतात. "आम्ही चार जण महिन्यातून एकदा वाचतो, तुमचं मार्गदर्शन आहेच, हे आपला हात लिहिता राहावा म्हणून" असं सरळ सांगितलं की बहुतेकांना बरंच वाटतं. गटात कोणाच्या गुरूंची कोणाच्या गुरूंशी तुलना करायची नाही. गायकीची चिकित्सा करायची, ती करायलाच हवी, पण स्वर, लय, उच्चार, राग यांच्या भाषेत.

एक गंभीर गोष्ट इथेच सांगून टाकतो. गुरु असोत वा गाईड, कोणी त्रास देत असेल, नको तशा जवळिकीची अपेक्षा करत असेल, फुकट राबवून घेत असेल, तर ते सहन करणं हा शिक्षणाचा भाग नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी कॉलेजात, विद्यापीठात अंतर्गत समिती असावीच लागते. गटाने स्वतः न्यायाधीश व्हायचं नाही, चर्चा चघळायची नाही, पण जिला किंवा ज्याला तक्रार करायची आहे त्याच्याबरोबर समितीच्या दारापर्यंत जायचं, तारखा आणि मेसेज जपून ठेवायला मदत करायची. एवढं नाही केलं तर बाकीच्या कामाला काय अर्थ आहे!

फिल्डवर्कला जोडीने जा

संगीतातले नवखे लोक फिल्डवर्क म्हणजे मुलाखत समजतात. तीस प्रश्नांची यादी घेऊन जेजुरीला वाघ्या-मुरळीसमोर बसतात आणि पहिलाच प्रश्न "आपला अल्पपरिचय सांगा". गटातल्या दोघांनी मिळून जावं, एकाने बोलावं आणि एकाने रेकॉर्डिंग सांभाळावं, म्हणजे बोलणाऱ्याचं लक्ष माणसाकडे राहतं. मुलींना रात्रीचे कार्यक्रम, जागरण गोंधळ, तमाशा असेल तर जोडी हवीच, आणि परतीची गाडी, मुक्कामाची जागा गटातल्या तिसऱ्या कोणाला तरी माहीत हवी.

कधी जायचं याचा विचार करा. गुढीपाडव्याच्या आसपास जत्रांचा हंगाम चढतो तेव्हा नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला म्हणजे खेळ ठरवायला येतात, सगळे फडमालक एकाच जागी भेटतात म्हणून संशोधकाला वाटतं हीच संधी. ओळख करून घ्यायला, बघायला जरूर जा, पण त्या दिवसांत त्यांचं वर्षाचं पोट ठरत असतं, दोन तासांची मुलाखत तेव्हा मागू नका. फोन नंबर घ्या, पावसाळ्यात फड बंद असतात तेव्हा घरी जा, निवांत बोलतात. तसंच वारीत, दिंडी चालत असताना टाळकऱ्याला थांबवून विचारायचं नाही, मुक्कामी भजन संपल्यावर बसा. मिरजेच्या सतारमेकरांकडे गेलात तर कारखान्यात नुसतं बसून राहा आधी, भोपळा कसा निवडतात, जवारी कशी काढतात म्हणजे घोडी घासून तारेचा गुंजणारा आवाज कसा आणतात ते बघा, प्रश्न आपोआप बदलतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यामुळे पत्रकारांची वर्दळ पण वाढलीय, आपण वेगळे कसे हे आपल्या वागण्यातून दिसू द्या.

परवानगी घ्यायची ती समोरच्याच्या भाषेत, आणि रेकॉर्डर चालू करून: "मावशी, मी हे माझ्या अभ्यासासाठी रेकॉर्ड करतोय. पुस्तकात तुमचं नाव लिहू का, की नको? हे दुसऱ्या कोणाला ऐकवायचं झालं तर तुम्हाला विचारीन. मधेच बंद करायला सांगितलंत तरी चालेल." सही असलेला इंग्रजी फॉर्म विद्यापीठाला लागत असेल तर तोही भरा, पण खरी परवानगी ही. काम झालं की एक कॉपी त्यांच्या घरच्यांच्या मोबाइलवर टाकून द्या, आणि मानधन द्यायचं ते आधी बोलून ठेवा, गाणं हे त्यांचं काम आहे.

रेकॉर्डिंग वेव फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ २४ बिट, एमपीथ्रीमध्ये नको. घरी आल्यावर त्याच रात्री दोन जागी कॉपी आणि फाइलचं नाव तारीख, गाव, गाणारं कोण असं. मोबाइलने आपोआप दिलेलं नाव तसंच ठेवलं तर सहा महिन्यांनी ते कोणाचं गाणं हे तुम्हालाही सांगता येणार नाही. संग्रह मोठा झाला तर गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं एथ्नोम्युझिकॉलॉजीचं म्हणजे समाज आणि संगीत यांच्या अभ्यासाचं अर्काइव्ह आहे, १९८२ पासूनचं, त्यांच्याशी बोलून बघा, संशोधकांनी स्वतःची रेकॉर्डिंग्ज तिथे ठेवलेली आहेत.

पैसे, पेपर आणि तारखा

याबद्दल उघड बोला. जेआरएफ म्हणजे यूजीसीची संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० आणि नंतर एसआरएफ या तिच्या पुढच्या टप्प्याचे ४२,०००, पण ती मिळणारे थोडे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गानुसार असतात, जाहिराती कधी येतात याचा नेम नाही, म्हणून गटाचं एक सामायिक कॅलेंडर ठेवा आणि ज्याला पहिल्यांदा दिसेल त्याने तिथे टाकायचं. अर्ज आधी भरलेल्या माणसाने आपला अर्ज नव्याला दाखवावा, लपवण्यासारखं त्यात काही नसतं.

पेपर छापण्याच्या बाजारापासून एकमेकांना वाचवा. दोन हजार रुपये भरा, चार दिवसांत छापतो, असे मेसेज येतात ना, ते. यूजीसीने केअर लिस्ट म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद केली, आता कुठलं मासिक बरं हे आपल्यालाच ठरवायचंय. संपादक मंडळातली माणसं खरंच संगीताची आहेत का, मागचे अंक वाचायला मिळतात का, परीक्षकाचे शेरे येतात का, एवढं चौघांनी मिळून बघितलं तरी नव्वद टक्के फसवणूक टळेल. प्रबंध द्यायच्या आधी पेपर छापण्याची सक्ती यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत उरलेली नाही, मात्र तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते विभागात विचारून घ्या.

आणि दर मीटिंगच्या सुरुवातीला प्रत्येकाने दोन मिनिटं सांगायचं, कसं चाललंय. काम झालं नसेल तर नाही झालं म्हणायचं. घरी आजारपण, लग्नाची बोलणी, बाळ लहान, सीएचबीचं मानधन महिनोन्महिने अडकलेलं, या सगळ्या प्रबंधाच्याच गोष्टी आहेत.

टिकवायचं कसं

सूत्रधार दर तीन महिन्यांनी बदला, नाहीतर एकाच्या डोक्यावर सगळं येतं आणि तो दमला की गट थांबतो. सूत्रधाराचं काम तीनच गोष्टी, लिंक पाठवणं, पानं वेळेत मागवणं, वेळ सांभाळणं. प्रत्येक मीटिंगची अर्ध्या पानाची नोंद ठेवा. कोणी तीन वेळा आलं नाही तर रागावू नका, फोन करा, बहुतेक वेळा काहीतरी घडलेलं असतं. गट वाढत जाऊन आठच्या वर माणसं झाली की दोन गट करा.

वर्षातून एकदा प्रत्यक्ष भेटा. डिसेंबरात सवाई गंधर्वला अर्धा महाराष्ट्र पुण्यात असतोच, १९५३ पासूनचा हा महोत्सव, तेव्हा सकाळच्या वेळात एक भेट सहज जमते आणि बाहेरगावच्यांचा वेगळा खर्च होत नाही. हॉल, बॅनर, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ काही नको, कोणाच्या तरी घरी पोहे आणि चहा. विदर्भ मराठवाड्यातल्या लोकांना दर वेळी पुण्याला बोलावणं बरोबर नाही, तेव्हा एक वर्ष नागपूर किंवा संभाजीनगर धरा. गोव्याचं कोणी गटात असेल तर पणजीची कला अकादमी, घुमट हे मातीचं तालवाद्य वाजवणारी मंडळी, फोंड्याच्या देवळांतली भजनं असं बघायला दोन दिवस काढा.

गटातल्या कोणाची व्हायवा म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा लागली की आठवडाभर आधी लुटुपुटूची व्हायवा घ्या. एकाने संगीत न कळणारा परीक्षक व्हायचं, एकाने फक्त पद्धतीवर प्रश्न विचारायचे, म्हणजे नमुना असा का निवडला, या चारच गायिका का, आणि एकाने प्रबंधातली एकेक ओळ धरायची. खरी व्हायवा खुली असते, कोणालाही बसता येतं, तेव्हा जेवढ्यांना जमेल तेवढ्यांनी जा आणि मागच्या रांगेत बसा. जाताना एक चांगला स्पीकर आणि केबल बरोबर न्या, अर्धा तास आधी पोचून हॉलमध्ये रेकॉर्डिंगचे नमुने वाजवून बघा, कारण कॉन्फरन्स हॉलचे माइक भाषणासाठी असतात, त्यातून तंबोरा ऐकूच येत नाही.